डॉ. शांतिस्वरूप भटनागर : तेलविहिरीतील चिखल आणि दीड लाख रुपये

रावळपिंडीच्या परिसरात अटक ऑइल कंपनीच्या विहिरी खोदताना एक विचित्र अडचण उद्भवत असे. ड्रिल गार ठेवण्यासाठी आणि खडकाचा चुरा वर आणण्यासाठी विहिरीत सोडलेला पातळ चिखल, जमिनीतील खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच घट्ट होई व खोदकाम थांबे. कंपनीने हा प्रश्न लाहोरच्या पंजाब विद्यापीठातील भौतिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्यापुढे ठेवला.

भटनागर यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातील भेरा येथे झाला. ते अवघे आठ महिन्यांचे असताना वडील निवर्तले आणि त्यांचे बालपण अभियंता असलेल्या आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या घरी गेले. यंत्रांची आवड तेथेच लागली. लाहोरला एम.एस्सी. झाल्यावर १९१९ मध्ये दयाल सिंग ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस निघाले. परंतु महायुद्धानंतर मायदेशी परतणाऱ्या सैनिकांनी जहाजे भरलेली होती. पुढचा प्रवास न मिळाल्याने ते लंडनमध्येच थांबले आणि युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्रा. डोनन यांच्या हाताखाली संशोधन करू लागले.

१९२१ मध्ये डी.एस्सी. मिळवून देणारा त्यांचा विषय होता मेदाम्लांचे क्षार, म्हणजे साबणाचेच सगोत्र पदार्थ, तेलात किती विरघळतात आणि तेलाचा पृष्ठताण कसा बदलतात हा. तेलक्षेत्रांत आज वापरल्या जाणाऱ्या सर्फॅक्टंटचे शास्त्र याच वाटेवरचे आहे. आखातातील अनेक चुनखडी साठ्यांत तेल खडकाला चिकटून राहते व नुसते पाणी सोडून ते पुरते निघत नाही. योग्य सर्फॅक्टंट मिसळल्यास तेलाने भिजणारा खडक पाण्याने भिजू लागतो, पाणी त्याच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते आणि अडकलेले तेल सुटते. द्रव व घन यांच्या सीमेवर अत्यल्प पदार्थही मोठा पालट घडवतो, हे या शास्त्राचे मर्म.

तेच मर्म भटनागर यांना चिखलात दिसले. बनारस हिंदू विश्वविद्यालयात तीन वर्षे अध्यापन करून १९२४ मध्ये ते लाहोरला आले होते. कंपनीच्या अभियंत्यांना जी यांत्रिक अडचण वाटत होती, ती त्यांच्या दृष्टीने कलिल-रसायनाची होती : खाऱ्या पाण्यातील क्षारांमुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटत होते. त्यांनी चिखलात भारतीय डिंक मिसळण्यास सुचवले. चिखलाची दाटी कमी झाली, क्षारांपुढे तो टिकू लागला आणि उपाय सर्वसामान्य पदार्थाने साधला.

प्रसन्न झालेल्या स्टील ब्रदर्स कंपनीने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी ही प्रचंड रक्कम होती. ती स्वतःकडे न घेता भटनागर यांनी विद्यापीठामार्फत स्वीकारली व तिच्यातून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा केला. मेणाचा वास घालवणे, रॉकेलची ज्योत उंचावणे अशा प्रश्नांवर तेथे तरुण संशोधक काम करू लागले. विद्यापीठीय शिक्षकाची प्रतिष्ठा वाढवल्याबद्दल मेघनाद साहा यांनी त्यांचे पत्राने अभिनंदन केले.

उद्योगाचा पैसा संस्थेत गुंतवायचा आणि संस्थेतून माणसे घडवायची, हाच क्रम पुढे देशाच्या पातळीवर गेला. १९४२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे धुरीण या नात्याने भटनागर यांनी राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभारली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. देशात तेलशुद्धीकरण कारखाने यावेत म्हणून विदेशी तेल कंपन्यांशी झालेल्या वाटाघाटींतही त्यांचा पुढाकार होता. त्यांतून मुंबईजवळ तुर्भे (ट्रॉम्बे) येथे कारखाने आले.

१ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ज्या लाहोरात त्यांनी तो पहिला विभाग उभारला, ते शहर तोवर परदेशात गेले होते.