पाथरवटाच्या घरातला गणिती

ध्वनीच्या धड्यात डॉप्लर हे नाव एका सूत्रापुरते येते. सूत्र पाठ झाले, उदाहरणे सुटली की नाव मागे पडते. मला मात्र हा माणूस कोण होता ते जाणून घ्यावेसे वाटले. त्याचे कारण पुढे येईलच.

ख्रिश्चन डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या ऑस्ट्रियातील साल्झबर्ग शहरात झाला. घराण्याचा पिढीजात धंदा पाथरवटाचा. वडिलांच्या हाताखाली छिन्नी-हातोडा धरायचा आणि पुढे तोच धंदा सांभाळायचा, असा रिवाज होता. पण हा मुलगा लहानपणापासून अशक्त. दगड उचलणे, धुळीत दिवसभर उभे राहणे त्याला झेपणारे नव्हते. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये तो पहिल्याच फेरीत बाद झाला असता! गणितात मात्र त्याची बुद्धी चांगली चालते, हे एका प्राध्यापकाने ओळखले आणि त्याला व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकमध्ये धाडले.

शिक्षण झाले, चार वर्षे साहाय्यक म्हणून काम केले, पण कायमची नोकरी मिळेना. पोटासाठी डॉप्लर यांनी एका सूतगिरणीत हिशेब लिहिले. वय तिशीच्या पुढे गेले. शेवटी कंटाळून त्यांनी अमेरिकेला जायचे ठरवले, घरातले सामान विकायला काढले आणि म्यूनिकला जाऊन अमेरिकेच्या वकिलातीत चौकशीही केली. नेमक्या त्याच वेळी, १८३५ मध्ये, प्राग शहरातील एका शाळेत शिक्षकाची जागा मिळाल्याचे पत्र आले. ते पत्र थोडे उशिरा आले असते तर पुढचा इतिहास कसा घडला असता, कोण जाणे.

प्रागमध्येच २५ मे १८४२ रोजी त्यांनी विद्वानांच्या एका लहानशा सभेत आपला निबंध वाचला. विषय होता जोडताऱ्यांचे रंग. लाटा पाठवणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर लाटा दाटीने येतात, दूर जात असेल तर विरळ होतात, हा त्यांचा मूळ विचार. तारे वेगाने फिरतात, म्हणून ते रंगीत दिसतात, असे त्यांनी त्यावरून मांडले.

यातला विचार बरोबर होता, उदाहरण चुकीचे होते. ताऱ्यांचे रंग मुख्यतः त्यांच्या तापमानामुळे वेगवेगळे दिसतात. डोळ्याला रंग बदललेला दिसावा एवढा त्यांचा वेग नसतो. १८४५ मध्ये बॉयस बॅलट या डच शास्त्रज्ञाने आवाजावर प्रयोग केला. उट्रेख्टजवळच्या रेल्वेमार्गावर धावत्या गाडीत कर्णेवाले बसवले आणि सूर ओळखणारे वादक रुळाच्या कडेला उभे केले. गाडी जवळ येताना सूर चढला, दूर जाताना उतरला. डॉप्लर यांचे सूत्र आवाजाला लागू पडले. ताऱ्यांच्या रंगांबद्दल मात्र बॉयस बॅलट यांनीही शंका घेतली.

प्रागमधली वर्षे सोपी नव्हती. शेकडो विद्यार्थ्यांच्या परीक्षा एकट्याने घ्याव्या लागत. परीक्षा फार कडक असतात अशी विद्यार्थ्यांनी तक्रार केली आणि चौकशीही झाली. प्रकृती ढासळली, लांब रजा घ्यावी लागली. १८४७ मध्ये ते खाणकामाच्या अकादमीत शिकवायला गेले, पण वर्षभरातच त्या भागात क्रांतीची धामधूम सुरू झाली आणि ते व्हिएन्नाला परतले. १८५० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या नव्या भौतिकशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक झाले. तिथे त्यांच्या तासाला बसणाऱ्यांत एक तरुण पाद्री होता, ग्रेगोर मेंडेल. वाटाण्याच्या झाडांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल ते हेच.

सुखाचे दिवस थोडेच टिकले. १८५२ मध्ये पेट्झव्हाल या गणितज्ञाने त्यांच्या सिद्धांतावर जाहीर टीका केली. त्याच सुमारास छातीचा विकार बळावला. हवापालटासाठी ते व्हेनिसला गेले आणि १७ मार्च १८५३ रोजी तिथेच वारले. वय होते ४९.

आता मला हा माणूस का शोधावासा वाटला, ते सांगतो. माझे आजोबा निवृत्त सुभेदार. सुट्टीत त्यांच्याबरोबर फिरायला गेलो की दोनशे पावलांवर ते थांबत आणि कुणाचे तरी पीक न्याहाळत. पुढे कळले, डाव्या पोटरीत गोळा येई, मिनिटभर थांबले की जाई. वर्षानुवर्षांच्या विड्यांनी पायाची धमनी अरुंद झाली होती. जन्मभर पायांवर भरवसा ठेवलेल्या माणसाला हे कबूल करणे जड गेले.

तपासणीच्या वेळी मी शेजारी होतो. त्यांना आडवे निजवून आधी थोडा वेळ विश्रांती दिली. मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, कोपराच्या खळगीत जेल लावून पेन्सिलीएवढी नळी टेकवली. नळीतून कानाला न ऐकू येणारा ध्वनी आत जातो, वाहत्या तांबड्या पेशींवर आपटून परततो आणि परतताना त्याची कंपनसंख्या बदललेली असते. तो फरक यंत्र आपल्याला ऐकवते. पट्टा फुगवला की आवाज बंद होतो, हवा सोडताना ज्या दाबाला पुन्हा येतो तो आकडा लिहायचा. मग तसेच घोट्यापाशी. आजोबांच्या दंडाचा दाब १४० होता, डाव्या घोट्याचा ८४. भागाकार ०.६. निरोगी माणसाचा तो १ किंवा थोडा जास्त असतो, ०.९ पेक्षा कमी आला तर धमनीत अडथळा आहे असे समजतात. उजव्या पायात ठसठशीत ठोके ऐकू येत होते, डाव्यात नुसती मंद सळसळ. विडी बंद, औषध सुरू आणि रोज दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे, असा हुकूम झाला.

या यंत्रामागे डॉप्लर यांचेच सूत्र आहे. १९५० च्या दशकात जपानमधील ओसाका येथे सातोमुरा यांनी ते ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदय व रक्तवाहिन्यांसाठी वापरले. पुढे अमेरिकेतील सिअॅटलच्या शास्त्रज्ञांनी पायांच्या धमन्या तपासायला त्याचा उपयोग केला. आकाशातल्या ताऱ्यांसाठी मांडलेला विचार माणसाच्या घोट्यापर्यंत पोहोचायला शंभरावर वर्षे लागली. डॉप्लर यांच्या मनात रक्त कधी आले असेल असे वाटत नाही.

ते व्हेनिसच्या सान मिकेले बेटावरील दफनभूमीत चिरविश्रांती घेत आहेत. मित्रांनो, त्यांना वंदन करायला तिथे जाण्याची गरज नाही. तुमच्या घरी कुणी वडीलधारे चालता चालता पोटरी दुखून थांबत असतील, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका. मधुमेह किंवा तंबाखू असेल तर मुळीच नाही. ही तपासणी सुईशिवाय होते आणि तिला फार वेळ लागत नाही. मधुमेहात कधी धमन्या कडक होऊन आकडा फसवा येतो, तो भाग डॉक्टर पाहतील. त्यांच्याकडे नेण्याचे काम मात्र आपले.