पहिले आउटबोर्ड विजेचे होते

मांडवीत किंवा जुवारीत मासेमारीच्या होडीमागे लटकणारे आउटबोर्ड यंत्र म्हटले, की इंधनाचा वास आणि कानठळ्या बसविणारा आवाज आठवतो. अलीकडे वापरून जुन्या झालेल्या अशा यंत्राचे वरचे पेट्रोल इंजिन उतरवून, खालचा दांडा, दंतचक्रे आणि पंखा तसाच ठेवून त्यावर विजेची मोटर बसविण्याचे प्रयोग देशोदेशी होत आहेत. त्यांचे नवलाईने कौतुकही होते. वस्तुतः होडीमागे अडकविण्याचे पहिले ज्ञात यंत्र विजेवरच चालले होते. त्याचे निर्माते ग्युस्ताव्ह त्रुव्हे.

२ जानेवारी १८३९ रोजी फ्रान्समधील ला हे-देकार्त या लहानशा गावी, गुरांचा व्यापार करणाऱ्या घरात त्रुव्हे यांचा जन्म झाला. आंजे येथील तंत्रविद्यालयातले शिक्षण प्रकृतीमुळे अर्धवट राहिले आणि ते पॅरिसला एका घड्याळजीकडे कामाला लागले. बारीक, नेटके आणि हलके घडविण्याची सवय तेथलीच असावी. खिशात मावणारी बंदिस्त विद्युत्घट, विजेवर हलणारे दागिने, जखमेत रुतलेली गोळी शोधणारे उपकरण अशा वस्तूंनी त्यांचे नाव पॅरिसभर झाले.

१८८१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी अवघ्या ५ किलो वजनाची मोटर तीनचाकी सायकलला जोडून ती रस्त्यावर चालविली. २६ मे रोजी तीच मोटर सीन नदीतील होडीवर चढली. होडी साडेपाच मीटर लांबीची, आत तीन माणसे. खरी करामत जोडणीत होती. मोटर सुकाणूच्या माथ्यावर, पंखा सुकाणूच्याच पात्यात आणि दोहोंमध्ये साखळी. सुकाणू, मोटर आणि पंखा मिळून एकच वस्तू झाली. हवी तेव्हा होडीला अडकवावी, नको तेव्हा उचलून घरी न्यावी.

अडचण मात्र विजेच्या साठ्याची होती. २६ जून रोजी ब्वा द बुलोन्यच्या शांत तळ्यात होडीने १५० मीटर अंतर ४८ सेकंदांत कापले. तीन तासांनी त्याच अंतराला ५५ आणि पाच तासांनी ६५ सेकंद लागू लागले. घटांतील जस्त आम्लात झिजत होते, आणि ते संपले की नवे घालणे एवढाच उपाय होता. त्रुव्हे यांनी हे आकडे लपविले नाहीत, विज्ञान अकादमीपुढे जसेच्या तसे मांडले. होडीच्या खरेदीदारापुढे मात्र अशा आकड्यांचा टिकाव लागणे कठीणच होते. पुढे १९०९ च्या सुमारास अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांचे पेट्रोलवरील यंत्र बाजारात आले, आणि आउटबोर्ड म्हणजे पेट्रोल हे समीकरण रुजले. रूपांतराच्या आजच्या प्रयोगांतही पहिला प्रश्न बॅटरी किती तास पुरेल हाच असतो.

ते पाहण्यास त्रुव्हे नव्हते. त्यांनी लग्न केले नाही, आणि आपल्या शोधांचा व्यापार करण्यातही त्यांचे मन रमले नाही. अतिनील किरणांनी उपचार करण्याच्या एका उपकरणावर काम करताना त्यांची बोटे कापली, जखमेकडे दुर्लक्ष झाले आणि रक्तात विष भिनून २७ जुलै १९०२ रोजी त्यांचे निधन झाले. गावच्या दफनभूमीतील जागेची मुदत कोणी वाढविली नाही, तेव्हा अस्थी सामाईक खड्ड्यात गेल्या. उरलेली कागदपत्रे १९८० मध्ये नगरपालिकेला लागलेल्या आगीत जळाली. पॅरिसमधील व्हिव्हिएन रस्त्यावर, त्यांची कार्यशाळा होती त्या ठिकाणी, पुढे एक फलक बसविण्यात आला.