चाळिशीनंतरच्या रमाबाई आणि नर्सिंगचा वर्ग

बारावी होऊन आठ-दहा वर्षं उलटलीत. मध्ये लग्न झालं, मुलं झाली, कुठेतरी नोकरीही करून झाली. आणि आता मनात येतंय, नर्सिंग करावं. नवी मुंबईत असा विचार करणाऱ्या मुली आणि बायका कमी नाहीत. नेरूळ असो की कामोठे, मोठी हॉस्पिटलं आणि त्यांची नर्सिंग कॉलेजं रोज जाता-येता दिसतात. पण पाय गेटपाशीच थांबतो. या वयात वर्गात बसायचं? सोबतच्या मुली आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असणार. पाठांतर जमेल का? नाइट ड्युटीचं घरी काय सांगायचं?

हेच प्रश्न शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पुण्यात एका बाईंसमोर होते. स्वतःसाठी नाही, दुसऱ्या बायकांसाठी. त्यांचं नाव रमाबाई रानडे.

झी मराठीवरच्या ‘उंच माझा झोका’ मालिकेतली चिमुकली रमा अनेकांना आठवत असेल. पाटी-पेन्सिल घेऊन न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांसमोर बसणारी. पण या रमेचं सगळ्यात मोठं काम तिच्या लहानपणातलं नाही, तरुणपणातलंही नाही. ते सुरू झालं तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, देवराष्ट्रे गावातला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येतं. यशवंतराव चव्हाणांचाही जन्म याच गावचा. माहेर कुर्लेकरांचं. मुलींना शिकवायचं नाही, ही घरची रीत. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालं, तेव्हा त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. नवरा एकतीस वर्षांचा आणि गाढा विद्वान. खरं तर पहिली पत्नी गेल्यावर विधवेशी लग्न करावं, असं सुधारक म्हणून रानड्यांकडून अपेक्षित होतं. वडिलांच्या हट्टापुढे ते नमले, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. त्यांनी लग्नानंतर लगेच रमाबाईंना शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग इंग्रजी.

म्हणजे ज्या वयात इतर मुलींचं शिकणं संपायचं, तिथे यांचं सुरू झालं. तेही सासरच्या भरल्या घरात. दिवसभर घरकाम, त्यात घरातल्या मोठ्या बायकांचे टोमणे. इंग्रजी पुस्तक हातात घेणं म्हणजे जवळजवळ बाटणंच. पुण्यात मुलींच्या हायस्कूलची मागणी पुढे आली तेव्हा रमाबाईंनी गव्हर्नरसमोर इंग्रजीत निवेदन वाचलं. बाहेर कौतुक झालं, घरी मात्र बोलणी खावी लागली. उशिरा शिकायला लागलेल्या बाईला पुस्तक कमी आणि घर जास्त छळतं, हे त्यांनी असं स्वतः भोगलं होतं. पुढच्या कामात हाच अनुभव त्यांच्या उपयोगी पडला.

१८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईत रमाबाईंनी बायकांसाठी क्लब काढला, भाषा आणि शिवणकामाचे वर्ग चालवले. जानेवारी १९०१ मध्ये रानडे गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्या पुण्याला परतल्या आणि वर्षभर जवळपास घराबाहेर पडल्या नाहीत. त्या काळाच्या हिशेबाने विधवा बाईचं आयुष्य इथेच संपायचं.

हळूहळू त्या बाहेर पडू लागल्या, पण सभा-समारंभांना नाही. येरवड्याच्या तुरुंगात बायकांच्या विभागात जायच्या, त्यांच्याशी बोलत बसायच्या. हॉस्पिटलात रुग्णांना फळं, फुलं, पुस्तकं नेऊन द्यायच्या. आजारी माणसाजवळ आपल्या माणसासारखं कुणीतरी बसलं की काय फरक पडतो, हे रोज समोर दिसत होतं. शिकलेल्या नर्सेस तेव्हा मोजक्याच होत्या. त्यातल्या बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा भारतीय ख्रिश्चन. एकीकडे वॉर्डात माणूस कमी आणि दुसरीकडे घराघरांत कोपऱ्यात बसलेल्या तरुण विधवा, ज्यांच्या वाट्याला फुकटचं घरकाम सोडून काही येत नव्हतं.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन सुरू केलं. बायकांना आधार द्यायचा आणि नर्सिंगचं शिक्षण द्यायचं, ही कल्पना. अध्यक्षपदी रमाबाई. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ ला, पुण्यात सेवासदन उभं राहिलं. वर्ग भरले ते रानड्यांच्या वाड्यातच. कामाची घडी बसवायला सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे गोपाळ कृष्ण देवधर सोबत होते. नर्सिंगच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालय होतं.

आता अडचण बघा. नर्सचं काम म्हणजे परक्या माणसाच्या अंगाला हात लावणं. त्याची जात न विचारता त्याची जखम धुणं, भांडं उचलणं, रात्रभर वॉर्डात जागणं. पांढरपेशा घरांत हे ऐकूनच कानावर हात ठेवायचे. मुलगी शिक्षिका झाली तर एक वेळ चालेल, पण नर्स? छे! शिवाय ज्यांनी यावं असं वाटत होतं, त्यातल्या कित्येक जणींना धड वाचताही येत नव्हतं. नुसता नर्सिंगचा वर्ग उघडून ठेवला असता, तर तो रिकामाच राहिला असता.

म्हणून सेवासदनने सुरुवात वर्गाच्या अलीकडून केली. मोठ्या वयाच्या बायकांसाठी अगदी मुळाक्षरांपासूनचे वर्ग चालवले. वय विचारून कुणाला परत पाठवलं नाही. ज्यांचं घर लांब होतं किंवा ज्यांना घरात थारा नव्हता, त्यांच्यासाठी वसतिगृहं काढली. त्यातलं एक खास शिकाऊ नर्सेसचं होतं. आणि त्या कामाची लाज वाटू नये यासाठी रमाबाई स्वतः पुढे उभ्या राहिल्या. न्यायमूर्तींच्या पत्नी ज्या कामाला मान देतात, त्याला नावं ठेवणं पुणेकरांना जरा जड जायचं.

तरीही त्रास होताच. सेवासदनच्या एका समारंभाची आठवण सांगितली जाते. बक्षीस घ्यायला एक विधवा मंचावर आली. अंगावर जुन्या चालीचा विधवेचा वेश, डोक्याचं केशवपन झालेलं. तिला बघून प्रेक्षकांतल्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो केली. रमाबाईंना ते फार लागलं. शेवटी बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी त्या पोरांना चांगलंच सुनावलं. प्रत्येकाच्या घरात अशी एखादी बहीण, आत्या, मावशी असेल, तिला आठवा आणि मग हसा, असा त्याचा मथितार्थ. सभागृह गप्प झालं. वय वाढल्यावर शिकायला आलेल्या बाईला पुस्तकापेक्षा हसणारी तोंडं जास्त भिववतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तिकडे इंग्लंडमध्येही चित्र काही वेगळं नव्हतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल जर्मनीत कायझर्सवर्थला शिकायला गेल्या त्या १८५१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी. श्रीमंत घराचा त्याआधी कित्येक वर्षं विरोध चालला होता. फरक इतकाच की त्यांच्याकडे पैसा होता, ओळखी होत्या. सेवासदनमध्ये येणाऱ्या बाईकडे यातलं काहीच नसायचं. तिच्यासाठी हे सगळं संस्थेलाच उभं करावं लागलं.

१९२४ मध्ये रमाबाई गेल्या, तेव्हा पुण्याच्या सेवासदनात हजारावर मुली आणि बायका शिकत होत्या. त्याआधीच्या वर्षांत त्यांनी मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि बायकांच्या मताधिकारासाठीही चळवळ केली. १९६२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

आज प्रवेशाचे नियम लिखित आहेत, ही मोठी सोय. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. बीएस्सीसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. एएनएम, जीएनएमला आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही वाट आहे. जीएनएमसाठी वयाची वरची मर्यादा ३५ आहे, म्हणजे तिशीत परत येणारीला दार बंद नाही. नियम बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक आधी वाचा. शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल ही कागदपत्रं शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

पण कागद जमले म्हणजे झालं, असं नाही. सेवासदनने जे वर्गाच्या अलीकडे केलं, ते आज घराला करायचंय. सकाळच्या ड्युटीला बाई निघाली की डबा कोण करणार, मुलाला शाळेत कोण सोडणार, परीक्षेच्या आठवड्यात सासूबाईंच्या गोळ्या कोण देणार, हे फॉर्म भरायच्या आधी बोलून घ्या. आणि तुम्ही स्वतः अठरा-एकोणीसचे असाल, नर्सिंगच्या वर्गात तुमच्या शेजारच्या बाकावर तिशीतली ताई येऊन बसली, तर तिला नोट्स द्या. कॅल्क्युलेटरशिवाय डोसचं गणित कसं करायचं ते दाखवा. लहान मूल रात्री तापाने फणफणलं की काय करायचं, ते ती तुम्हाला सांगेल.