रंगवलेले प्लास्टर

मेक्सिको देशाच्या राजधानीजवळ कोयोआकान नावाचे गाव होते. तेथे ६ जुलै १९०७ रोजी फ्रीडा काहलोचा जन्म झाला. तिचे वडील छायाचित्रकार होते. सहाव्या वर्षी तिला पोलिओ झाला आणि उजवा पाय बारीक राहिला. मुले तिला चिडवत. वडिलांनी मात्र तिला पोहायला आणि खेळायला लावले.

१९२२ मध्ये ती राजधानीतील मोठ्या विद्यालयात दाखल झाली. तेथे सुमारे २,००० विद्यार्थी होते. त्यांत मुली अवघ्या ३५. फ्रीडाला डॉक्टर व्हायचे होते. पण १७ सप्टेंबर १९२५ रोजी तिच्या बसला ट्रामची धडक बसली. तिच्या पाठीचा कणा आणि उजवा पाय मोडला. त्या वेळी ती १८ वर्षांची होती.

पाठ हलू नये म्हणून डॉक्टरांनी तिच्या धडाभोवती प्लास्टर घातले. कूस बदलणेही कठीण झाले. डॉक्टर होण्याचे स्वप्न मावळले. तेव्हा आईने झोपून चित्र काढता येईल अशी फळी बनवून घेतली. वडिलांनी आपले रंग दिले. पलंगावर आरसा टांगला गेला. त्यात फ्रीडाला स्वतःचाच चेहरा दिसे. तोच ती रंगवू लागली.

१९३० मध्ये डॉ. लिओ एलोएसर यांनी तिला तपासले. तिच्या कण्याला जन्मापासूनच बाक आहे, असे निदान त्यांनी केले. पुढे तिला कधी प्लास्टरचे, कधी चामड्याचे, तर कधी पोलादाचे पट्टे वापरावे लागले. तिने ते लपवले नाहीत. प्लास्टरवर तिने रंगीत चित्रे काढली. १९४४ च्या एका चित्रात तिने कण्याच्या जागी भंगलेला खांब आणि अंगावर पट्टा दाखवला. चेहऱ्यावर अश्रू आहेत, पण नजर समोर आहे.

तिचे दुखणे कधीच गेले नाही. १९५३ मध्ये आपल्या चित्रप्रदर्शनाला ती पलंगावरूनच हजर राहिली. १३ जुलै १९५४ रोजी तिचे निधन झाले. तिच्या घरात आता संग्रहालय आहे.

विद्यार्थिमित्रांनो, वाढत्या वयात काही मुलामुलींचा कणा एका बाजूला वाकतो. बाक वाढू नये म्हणून डॉक्टर पाठीला पट्टा देतात. मुंबईत हाजी अलीजवळील पुनर्वसन संस्थेत असे पट्टे तयार होतात. आपल्या वर्गातील एखाद्या मुलीने तो गणवेशाखाली घालावा की वरून, हे तिला ठरवू द्या. तिला न चिडवणे आणि तिच्या शेजारी बसणे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.