मोरोपंतांच्या बारामतीत

बारामती म्हटले की लोकांना राजकारण आठवते, ऊस आठवतो. इंदापूरची बैठक आटोपून परतताना आम्ही मात्र तिथे उतरलो ते कऱ्हेकाठचा बाबूजी नाइकांचा वाडा पाहण्यासाठी. बरोबरच्या एका तरुण कार्यकर्त्याने विचारलेच, भटा-सावकाराच्या वाड्यात आपले काय काम? प्रश्न रास्त होता. पण जे साहित्य शाळेत आपल्या पोरांकडून पाठ करून घेतले जाते, ते कुठे आणि कोणाच्या भाकरीवर तयार झाले, हे आपण पाहायचे नाही तर कोणी?

मोरेश्वर रामजी पराडकर, म्हणजेच मोरोपंत, १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले. तिथेच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये यांच्याकडे संस्कृत काव्यशास्त्र शिकले. ऐन तारुण्यात बारामतीला आले आणि १७९४ साली वारले ते इथेच. आश्रयदाते बाबूजी नाईक. पेशव्यांच्या स्वाऱ्यांना कर्ज देणारे हे सावकार इतके बडे, की पहिला बाजीराव १७४० साली वारल्यावर पेशवेपदासाठी रघूजी भोसल्यांनी त्यांचेच नाव पुढे केले होते. नाइकांना पुराण सांगायचे आणि उरलेल्या वेळात काव्य करायचे, हा पंतांचा चाळीस वर्षांचा दिनक्रम. खरे सांगायचे तर आम्हांला हेवा वाटला. पोटाची चिंता नसली की माणूस किती लिहू शकतो! एकट्या महाभारतावर त्यांनी १७ हजारांच्या आसपास आर्या रचल्या. रामायणे १०८ लिहिल्याचे सांगतात, मात्र ती सगळी आज मिळत नाहीत. त्यातले एक निरोष्ठ, म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरे टाळून ओठाला ओठ न लावता म्हणायचे. ही कसरत अचाट आहे, हे मान्य करायला आम्हांला कमीपणा वाटत नाही. 'केकावली'त मात्र कसरत मागे पडते आणि देवापाशी दयेची याचना करणारा थकला माणूस दिसतो. आम्हांला तोच पंत जवळचा वाटतो.

पण हे काव्य वाचणार कोण होते? संस्कृत समासांनी भरलेली ती मराठी अक्षरशत्रू ठेवलेल्या रयतेला कळणार कशी? ती लोकांपर्यंत नेली कीर्तनकारांनी, आणि त्यांतही सोलापूरच्या राम जोशींनी. हा ब्राह्मणाचा पोरगा तमाशाच्या नादी लागला म्हणून घरच्यांनी त्याला बाहेर काढले. पुढे त्यानेच पंतांच्या आर्या कीर्तनातून गाजवल्या. त्याचा गळा तयार झाला तो फडात, आणि फडातली ढोलकी-तुणतुणे वाजवणारे हात बहुतांशी महार-मांग, कोल्हाट्यांचे. वाङ्मयाच्या इतिहासात पंतांवर प्रकरण असते, त्या हातांवर ओळही नसते.

पंत आर्या रचत होते तो काळ पेशवाईचा. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके बांधले जाई, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील प्रबंधात नोंदवून ठेवले आहे. त्याच बाबासाहेबांच्या घरात सुभेदार रामजी मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावीत. एवढे ग्रंथ का वाचायचे, असे भीमरावांनी विचारले तेव्हा वडिलांनी द्रोण-कर्णाकडे बोट दाखवले. लहान समजली जाणारी माणसे कुठवर चढली ते पाहा, म्हणजे मनातला न्यूनगंड जाईल, असे त्यांचे म्हणणे. वाड्यात कर्णाची कथा पुण्य म्हणून ऐकली जात होती, आणि सुभेदारांनी तीच आपल्या पोराचा कणा ताठ करायला वापरली. भीमरावांना मात्र शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे 'मूकनायक'च्या माथ्यावर त्यांनी अभंग छापला तो तुकोबांचा, आणि 'बहिष्कृत भारत'वर ओव्या आल्या ज्ञानेश्वरांच्या. पंडितांच्या आर्येला तिथे जागा मिळाली नाही.

वाड्याबाहेर येऊन आम्ही कऱ्हेकाठी थोडे बसलो. पंतांच्या वेळचा महारवाडा नदीच्या कोणत्या अंगाला होता, असे तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारले. त्यांनी बराच वेळ पाण्याकडे पाहिले आणि नाही म्हणून मान हलवली. एवढ्यात एसटीची वेळ झाली.