कॉलिन चॅपमन : हलक्या मोटारीचा शिल्पकार

मोटारीचा वेग वाढवावयाचा असेल तर तीस अधिक मोठें एंजिन बसवावें, अशी सर्वसाधारण लोकांची समजूत असते. ही समजूत सर्वस्वीं चुकीची नाहीं. परंतु ती अर्धवट आहे. एंजिन लहान ठेवूनही वजन घटविल्यानें व प्रत्येक भागाचा आधीं हिशेब केल्यानें काय साधतें, हें ज्या पुरुषानें जगास दाखविलें, त्या कॉलिन चॅपमन या इंग्रज यंत्रज्ञाचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों. त्यांत अनुकरणीय असें पुष्कळ आहे, आणि सावधगिरीचा धडा घ्यावा असेंही कांहीं आहे. दोन्ही गोष्टी सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ रोजीं लंडननजीक रिचमंड येथें झाला. त्याचे वडील हॉटेल चालवीत असत, व कॉलिनचें बाळपण उत्तर लंडनमधील हॉर्न्सी या भागांत गेलें. पुढें लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत त्यानें पूल, छपरें व मोठाल्या इमारती यांच्या सांगाड्यांचें शास्त्र अभ्यासिलें. कोणत्या तुळईवर किती भार पडतो, तो पेलण्यास ती किती जाड असली पाहिजे, आणि धातु कोठें विनाकारण खर्ची पडतो, हें कागदावर काढण्याची विद्या ती हीच. त्याच काळांत विद्यापीठाच्या हवाई पथकांत तो विमान चालविण्यासही शिकला. निरुपयोगी वजन हा विमानाचा वैरी होय, ही गोष्ट त्याच्या मनावर तेव्हांच ठसली असल्यास नवल नाहीं.

विद्यार्थिदशेंतच तो एका मित्राच्या भागींत जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करीत असे. १९४७ सालीं ब्रिटिश सरकारनें खासगी मोटारींस मिळणारा पेट्रोलचा मूळ शिधा बंद केला, व या धंद्याचा एकाएकीं बोजवारा उडाला. अखेरीस एक जुनी ऑस्टिन सेव्हन मोटार तेवढी त्याच्या पदरीं राहिली. दुसरा एखादा कपाळास हात लावून बसला असता. चॅपमननें ती आपली भावी पत्नी हेझल विल्यम्स हिच्या आईबापांच्या घरामागील गॅरेजमध्यें नेली, जुनी बॉडी उतरविली, आणि ॲल्युमिनियमचा पत्रा चढविलेल्या प्लायवुडाची हलकी व ताठ बॉडी तीवर बसविली. १९४८ सालीं सिद्ध झालेल्या या गाडीस त्यानें लोटस, म्हणजे कमळ, असें नांव दिलें. गणिताची शेवटची पत्रिका मात्र त्यास १९४९ सालीं पुन्हां द्यावी लागली, व पदवी एक वर्ष उशिरां मिळाली. गणिताच्या पत्रिकेंत अडखळलेला हाच विद्यार्थी पुढें हिशेबाच्या बळावर कीर्तीस चढला, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

१९५१ सालीं ७५० घनसेंटिमीटरच्या शर्यतींकरितां त्यानें आपली तिसरी गाडी बांधली. ऑस्टिनच्या एंजिनांत दोन दोन सिलिंडरांस मिळून पेट्रोलमिश्रित हवा आंत येण्याचा एकच मार्ग असे. चॅपमन व त्याचे सहकारी यांनीं त्या मार्गांत पडदा घालून प्रत्येक सिलिंडरास जणुं स्वतंत्र दार करून दिलें. ती गाडी इतरांच्या इतकी पुढें जाऊं लागली कीं, नियम बदलून ती युक्ति बंद करावी लागली.

१९५२ सालीं हेझलनें उसने दिलेल्या २५ पौंडांवर लोटस कंपनी उभी राहिली. कारखाना म्हणजे वडिलांच्या हॉटेलामागील जुने तबेले! तेथें तयार झालेल्या सहाव्या नमुन्याचा सांगाडा बारीक पोलादी नळ्या जोडून केलेला असे, व त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे असत. ही गाडी सुट्या भागांच्या रूपानें विकली जाई. एंजिन गिऱ्हाइकानें मिळवावें व गाडी घरीं स्वतः जोडावी, म्हणजे तीवर खरेदी-कर पडत नसे. त्यामुळें बेताच्या मिळकतीच्या तरुणांसही शर्यतीची गाडी बाळगतां येऊं लागली. याच वाटेनें १९५७ सालीं प्रख्यात लोटस सेव्हन ही गाडी बाहेर पडली.

अशा घरगुती गाडीच्या वेगाचा अजमास कसा घ्यावा, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस सहज समजेल. सेव्हनचें वजन सुमारें ५०० किलोग्रॅम. चालविणारा ७५ किलोग्रॅमचा धरिला तर एकूण ५७५. ताशीं ६० मैल म्हणजे सेकंदास सुमारें २७ मीटर. वस्तुमानाच्या निमपटीस वेगाच्या वर्गानें गुणिलें असतां सुमारें २ लक्ष १० हजार जूल इतकी गतिशक्ति येते. एंजिन ४० अश्वशक्तीचें, म्हणजे सुमारें ३० हजार वॅटचें. गिअर व आंस यांच्या घर्षणांत कांहीं भाग जाऊन चाकांपर्यंत २५ हजार पोहोंचले असें मानूं. भागाकार केला म्हणजे ८ सेकंदांहून थोडा अधिक काळ येतो. १९५८ सालीं एका इंग्रजी मोटार-नियतकालिकानें प्रत्यक्ष चांचणी घेतली तेव्हां १६.२ सेकंद लागले. हा दुपटीचा फरक कां पडला? एंजिन आपली पूर्ण शक्ति एका ठराविक फेऱ्यांवरच देतें, गिअर बदलतांना क्षणभर ओढ थांबते, चाकें फिरविण्यासही शक्ति लागते, आणि वारा विरोध करितोच. यासाठीं कागदावरील उत्तर ही केवळ अत्युत्तम मर्यादा समजावी. तथापि त्यापासून एक गोष्ट निश्चित कळते : याच गाडीवर २०० किलोग्रॅम अधिक लादले तर लागणारा काळ तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढेल.

परमवेगाची गोष्ट निराळी आहे. सपाट रस्त्यावर तेथें वजनाचें फारसें चालत नाहीं. सत्ता वाऱ्याची असते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो, व लागणारी शक्ति घनाप्रमाणें. त्या चांचणींत सेव्हनचा परमवेग ताशीं ८० मैल भरला. तो १०० मैल करावयाचा तर जवळजवळ दुप्पट अश्वशक्ति हवी. चॅपमनची एलीट ही कांचतंतूंची बंद गाडी १९५७ सालींच प्रथम लोकांपुढें आली. तिचें एंजिन सुमारें ७५ अश्वशक्तीचें होतें. सेव्हनला तितकी शक्ति दिली असती तर हिशेबानें तिचा वेग ९९ मैलांच्या आसपास गेला असता. परंतु १९६० सालच्या चांचणींत एलीट सुमारें ११२ मैल पळाली. वरचे १२-१३ मैल मुख्यतः तिच्या गुळगुळीत आकाराची कमाई होय.

पुढें चॅपमन जागतिक शर्यतींत उतरला. १९६२ सालीं त्यानें नळ्यांचा सांगाडा सोडून पत्र्याच्या पोकळ पेटीसारखें अंगच भार पेलील अशी गाडी बनविली. तिच्या योगें जिम क्लार्क १९६३ सालीं जगज्जेता झाला. १९६५ सालीं त्यानें तें पद पुन्हां मिळविलें व अमेरिकेंतील इंडियानापोलिसची शर्यतही जिंकली. चॅपमनच्या हयातींत लोटसनें गाडी बांधणारांचें जगज्जेतेपद सात वेळां पटकाविलें.

परंतु या यशास दुसरी बाजू आहे. जेथें प्रत्येक भाग जेमतेम पुरेल इतकाच ठेविला जातो, तेथें हिशेबांतील लहानशी उणीवही प्राणावर बेतते. १९६० सालीं बेल्जममध्यें स्टर्लिंग मॉसच्या लोटसचें चाक निखळून तो जबर जखमी झाला. १९७० सालीं इटलींतील मोंझा येथें ब्रेकचा आंस तुटून योखेन रिंट मरण पावला, आणि त्या वर्षाचें जगज्जेतेपद त्यास मरणोत्तर मिळालें. तेथील कठडाही नीट बसविलेला नव्हता, हें खरें. तरी हलकेपणाची मर्यादा कोठें संपते, हा प्रश्न चॅपमनच्या नांवाशीं कायमचा जोडला गेला.

१६ डिसेंबर १९८२ रोजीं, वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षीं, हृदयविकारानें तो वारला. मागाहून डिलोरियन मोटार कंपनीस मिळालेल्या सरकारी पैशाच्या अपहाराची चौकशी झाली. १९९२ सालीं त्याच्या एका निकटच्या सहकाऱ्यास तुरुंगवास घडला, व चॅपमन हयात असता तर त्यासही कठोर शिक्षा झाली असती, असें न्यायाधीशानें स्पष्ट केलें. ज्यानें वजनाचा हिशेब इतक्या काटेकोरपणें ठेविला, त्याचा पैशाचा हिशेब असा डागाळावा, ही खेदाची गोष्ट होय.

सेव्हन बांधण्याचे हक्क १९७३ सालीं केटरहॅम या कंपनीकडे गेले, व त्या घराण्याच्या गाड्या आजही हौशी लोक आपल्या हातांनीं जोडीत असतात. आमच्या विद्यार्थ्यांनीं चॅपमनपासून हातोडा उचलण्यापूर्वीं पेन्सिल उचलण्याची संवय अवश्य घ्यावी. परंतु आपल्या कृतीवर ज्याचा जीव अवलंबून आहे, त्याच्याकरितां त्या हिशेबांत थोडी शिल्लकही ठेवावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.