गाडगेबाबा : खराट्याने शिकवलेलं आरोग्य



परिसर अभ्यासात आपण स्वच्छता आणि आरोग्य शिकवतो तेव्हा गाडगेबाबांचं नाव येतंच. पण मुलांच्या लक्षात फक्त खराटा राहतो. बाबांचं जीवन त्याहून बरंच काही शिकवतं.

बालपण

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. आईचं नाव सखुबाई. वडील दारूच्या व्यसनापायी लवकर वारले. मग डेबूजी आईसोबत दापुरे येथे मामाकडे आला, गुरं राखली, शेतीत राबला. पुढे मामाची शेतीही सावकाराच्या कर्जात गेली. शाळा तर त्यांना कधी मिळालीच नाही.

म्हणजे बघा, दारू, कर्ज आणि अज्ञान माणसाला कसं संपवतं हे त्यांनी घरातच पाहिलं.

कार्य

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात खराटा आणि सोबत मातीचं गाडगं. ज्या गावात जात, तिथे दिवसा रस्ते-नाल्या झाडत आणि रात्री कीर्तन करत. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. आपण शिक्षकांनी ही पद्धत नक्की घ्यावी.

कीर्तनाचे विषय कोणते? दारू सोडा, कर्ज काढून सण-लग्न करू नका, देवापुढे बकरं कापू नका, जातिभेद पाळू नका, मुलांना शाळेत घाला. लोकांनी दिलेल्या पैशातून नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत दवाखान्यात आलेल्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांचीही राहायची सोय झाली.

यातून काय शिकायचं?

गावाची नाली साफ ठेवणं, शुद्ध पाणी देणं, लस टोचणं ही सगळ्यांनी मिळून करायची कामं म्हणजे सार्वजनिक आरोग्य. आणि कोणत्या वस्तीत, कोणत्या घरांत माणसं जास्त आजारी पडतात, ती का पडतात, याचा विचार म्हणजे लोकसमूहाचं आरोग्य. त्यात उत्पन्न, शिक्षण, व्यसन, राहतं घर, सगळं येतं. दुसऱ्यातून कारण कळतं, पहिल्यातून उपाय होतो. बाबांच्या हातातला खराटा पहिलं काम करत होता, कीर्तन दुसरं. नुसती नाली झाडून दारूड्याचं घर सावरत नाही, आणि नुसतं प्रबोधन करून डास कमी होत नाहीत.

आपल्या साकोली भागात धानाच्या बांध्या, तलाव, बोड्या आहेत. पावसाळ्यात पाणी साचतं, ताप येतो. ताप आलेल्या मुलाला गोळी मिळते, पण रोवणीची मजुरी बुडेल म्हणून आई त्याला दवाखान्यात उशिरा नेते. हा उशीरही आजाराचंच कारण आहे, हे आपण ओळखलं पाहिजे.

वर्गात घ्यायचा उपक्रम

मुलांना वस्तीचा नकाशा काढायला सांगा. पाणी साचण्याच्या जागा, हातपंप, उकिरडे दाखवा. मग गैरहजेरी कोणत्या भागातून जास्त आहे ते मुलांची नावं न घेता जुळवून बघा. त्यानंतर पालकसभेत एकच काम ठरवा आणि ते पूर्ण करा.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे बाबांनी देह ठेवला. महाराष्ट्र शासनाचं ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्याच नावाने चालतं. पण एका दिवसाच्या अभियानात फोटो निघतो, गाव बदलत नाही. बाबांनी पन्नास वर्षं रोज खराटा धरला होता.